निळ्या रेघेचा माठ

पाणी पाजणं हे हाताचं काम नाही, नजरेचं आहे, असं जयवंता म्हणायची. आणि जयवंता जे म्हणायची ते ऐकून घेतल्यावाचून धामणझिऱ्यात कोणाची सुटका नव्हती.

दोन हजार दहाचा उन्हाळा होता. आदल्या साली शेंगा भरायच्या ऐन वेळी पाऊस रुसला, सोयाबीन झाडावरच करपलं, कपाशी दोन वेचण्यांत उलंगून संपली. मग गावतलावातला गाळ काढायचं रोजगार हमीचं काम निघालं, आणि ज्या बायांनी जन्मात दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता त्याही पदर खोचून टोपलं उचलायला आल्या. कुणब्याच्या बाया एकीकडून यायच्या, बौद्धपुऱ्यातल्या दुसरीकडून. तलावाच्या पोटात उतरल्या की सगळ्या एकाच मातीच्या व्हायच्या.

जयवंताचे गुडघे गेलेले. वय साठीच्या पलीकडे. नियमच असा की कामावर पाणी पाजायला एक माणूस लावायचं, आणि ते शक्यतो म्हातारं. रोजगारसेवक श्यामने यादीतून तिचं नाव वाचलं तेव्हा ती चार बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाह्य, सरकारले माये गुडघे दिसले. माया पोराले अजून दिसले नाईत."

पळसाच्या डाहाळ्यांचा मांडव होता. त्याखाली ओल्या वाळूची गोल बैठक करून तिने माठ बसवला, त्याला गोणपाट गुंडाळलं आणि दर तासाला ते भिजवत राहिली. धावत आलेल्या बाईला ती लगेच पाणी देत नसे. "बस पयले. छातीचा भाता थांबू दे. मंग पाजतो." कोण चक्कर येऊन पडायला झालंय, कोण उगीच सावलीसाठी तहान लागल्याचं सोंग आणून राहिलंय, तिला लांबूनच कळायचं. आवाज यायच्या आत लांब दांड्याचा डोया माठातून भरलेला असायचा. ओंजळीत पाण्याची धार पडायची ती बारीक आणि सारखी, एक थेंब बाहेर नाही. दोन दिवस सत्तर माणसं तिच्या हातचं प्यायली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना ती लंगडत होती, पण मान अशी ताठ, की जणू पाणी तिनंच आभाळातून उतरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मांडवात दुसरा माठ आला.

पहिल्यापासून लांब, मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला. जयवंताच्या माठाच्या पोटावर मात्र कोणीतरी निळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती.

"हे काय होय गा श्याम?"

श्याम वाईट पोरगा नव्हता. सगळ्यांशी गोड बोलायचा, आणि त्याचं वाईटपण ते एवढंच. तो मान खाली घालून म्हणाला, "काई नाई बाई, सोयीचं केलं. तो माठ सुंदराबाई सांभाळते. तुमी तुमच्या पुऱ्याच्या लोकाईले पाजा. तुमालेही आराम. काम अर्धं, हजेरी पुरी."

"सोय कोनाची?"

"सगळ्याइची."

मांडवाच्या त्या टोकाला मनकर्णाबाई उभी होती. सोळा एकरांची मालकीण, आता हातात टोपलं. तिच्या डोळ्यांत त्या टोपल्याची लाज मावत नव्हती. ती इकडे न पाहताच बोलली, "ज्याची त्याची रीत असते बाप्पा. जमीन पिकली नाई म्हनून रीत सोडायची का?"

जयवंता उलटून न बोलता गोणपाट भिजवायला वळली. तिच्या आयुष्यात असे दिवस फार थोडे.

घरी सून सत्यभामा म्हणाली, "जाऊ द्या ना आत्याबाई. सावलीतलं काम आहे. रेघच तं ओढली. तुमच्या अंगावर तं नाई ना ओढली?"

"अंगावर ओढली असती तं धुतली असती," जयवंता म्हणाली.

आठ दिवस तिने अर्धं पाणी पाजलं. समोरच्या टोकाला सुंदराबाई पाजायची. सुंदराबाई मनकर्णाबाईची पुतणसून, तिशीतली, भिडस्त. तिच्या हातून धार जाड पडायची, लोकांना ठसका लागायचा, पोलकी भिजायची. एखादी बाई तापून लाल झालेली वर यायची, जयवंताला लांबूनच दिसायचं की हिला आता पाणी पाहिजे, तिचा हात आपोआप डोयाकडे जायचा. आणि ती बाई तिच्यासमोरून, माठासमोरून तशीच पुढे निघून जायची. तो भरलेला डोया परत माठात ओतताना जो आवाज व्हायचा तो जयवंताला आवडेनासा झाला.

आदल्या साली पुऱ्यातल्या विहारात नागरी हक्क संरक्षणवाले आले होते. जीप, एक बाईमाणूस, भिंतीवर लावायचे कागद. ती बाई म्हणाली होती, पाण्याला अटकाव हा गुन्हा आहे, आणि वेगळं भांडं ठेवणं हाही अटकावच आहे. तेव्हा जयवंता मागच्या रांगेत बसून शेंगा सोलत होती आणि म्हणाली होती, सरकार बोलते, मंग जेवाले जाते. आता तो भिंतीवरचा कागद तिने सत्यभामेकडून दोनदा वाचून घेतला.

आठवडी सुटीच्या दिवशी ती अमरावतीच्या एसटीत बसली. राजापेठेत उतरली. एवढ्या गाड्या, एवढे शिकवणीचे फलक. विचारत विचारत ऑफिसात पोचली तोवर गुडघ्यांनी बोलणं सोडून ओरडायला घेतलं होतं. वाटलं होतं, उद्या या म्हणतील. पण टेबलामागे विहारात आलेली तीच बाई होती. उज्मा मॅडम. साधा पंजाबी ड्रेस, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी स्वतः उठून खुर्ची सरकवली.

"सांगा आई. जसं झालं तसं. मी तुमच्याच शब्दांत लिहिते."

जयवंताने सांगितलं. श्यामचं नाव आलं तेव्हा त्याच्या सात पिढ्याही आल्या. मॅडमनी पेन थांबवलं. "हेपण लिहू?"

जयवंताने विचार केला. "नोका लिहू. त्याची माय चांगली होती."

सगळं लिहून झाल्यावर मॅडमनी ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं. आपलं बोलणं कागदावरून परत येताना जयवंता पहिल्यांदाच ऐकत होती. त्यात एकही शब्द दुसऱ्याचा नव्हता. तिने चौथीपर्यंतच्या शाळेतली आपली सही केली, अक्षरागणिक श्वास घेत.

"आम्ही येऊ," मॅडम म्हणाल्या. "दिवस सांगणार नाही. तोवर तिथली एकही वस्तू हलू देऊ नका. आणि भांडू नका, आई. माठ जिथं आहे तिथंच राहू द्या."

"मी कायले भांडतो?" जयवंता म्हणाली, आणि ते तिला स्वतःलाही खोटं वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ते झालं. मनकर्णाबाईची नात, चारेक वर्षांची पोट्टी, मातीत खेळता खेळता पळत आली आणि जवळचा म्हणून निळ्या रेघेच्या माठापाशी उभी राहिली. दोन्ही हात पुढे. जयवंताने पाजलं. पोरगी घटाघटा प्यायली, हनुवटी पुसली आणि हसली.

मनकर्णाबाई तीन ढांगांत आली. पोरीच्या पाठीत धपाटा घातला, तिला ओढत दुसऱ्या माठापाशी नेलं आणि सुंदराबाईकडून पाणी घेऊन तिला चूळ भरायला लावली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पोरगी रडत रडत थुंकली.

जयवंताच्या डोळ्यांपुढे ऊन काळं झालं. तिने गोणपाटासकट माठ दोन्ही हातांनी उचलला, मांडवाच्या मेढीजवळच्या दगडावर आणला आणि सोडून दिला.

"घ्या! राह्यलाच नाई आता इटाळ. चुळा भरा गावभर!"

पाणी मातीत गेलं. खापरं उडाली. पुऱ्यातल्या दोन बायांनी टाळ्या वाजवल्या. जयवंताला फार बरं वाटत होतं. ते बरं वाटणं श्याम येईपर्यंत टिकलं.

श्यामने खापरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. "बरं झालं बाई. आता एकच माठ. वादच मिटला." त्याने खापरं गोळा करून गाळाच्या गाडीत टाकली. "सुंदराबाई पाजन सगळ्याइले. तुमी सरकारी माठ फोडला, आता मी तुमाले पाण्यावर कसा ठेवू? उद्यापासून टोपलं घ्या."

तेव्हा जयवंताच्या लक्षात आलं. ऑफिसवाल्या बाईने जे राखायला सांगितलं होतं, ते तिने स्वतःच्या हाताने फोडलं होतं.

तीन दिवस तिने गाळ वाहिला. तलावाच्या पोटातून काठावर चढायची पाऊलवाट तीस पावलांची. ओला गाळ टोपल्याच्या विणीतून कानामागे गळायचा, मानेवर वाळायचा, वाळला की कातडी ओढायचा. गुडघा चढावर वाकला की सरळ व्हायला तयार नसायचा. ती हाताने तो सरळ करायची, जसा अडलेला दरवाजा ढकलावा. सत्यभामा मागून यायची आणि कोणी पाहत नसताना सासूच्या टोपल्यातला गाळ हाताने काढून आपल्यात घ्यायची. जयवंताला कळायचं. ती कळू द्यायची नाही.

पाणी सुंदराबाई पाजायची. पुऱ्यातल्या लोकांनाही. पण त्यांना चार हात लांब उभं करून, डोया उंच धरून. जयवंता तिथे गेलीच नाही. घरून बाटली आणायची. बाटलीतलं पाणी अकरा वाजेपर्यंत चहासारखं तापायचं.

चौथ्या दिवशी सकाळी जीप आली.

उज्मा मॅडम, त्यांच्यासोबत एक हवालदार आणि तालुक्याहून आणलेले दोन पंच. श्याम धावत गेला. थंड बाटल्या मागवायला माणूस पळाला. मॅडम म्हणाल्या, "काही नको. मला कामाची जागा दाखवा."

कामावर तोवर कुजबूज सुरू झाली होती, बाई कोणत्या लोकांची. नाव कळल्यावर ती कुजबूज मध्येच बंद पडली. कुणब्यांची नाही, पुऱ्याची नाही; ही कोणाच्या बाजूची धरावी, कोणालाच ठरवता येईना.

जयवंता टोपलं ठेवून काठावर आली. गाळाने भरलेली, धापा टाकत. मॅडमचा चेहरा उन्हाने तापलेला दिसला. तिने आपली बाटली पुढे केली. "घ्या मॅडम. घरचं आहे."

मॅडमनी बाटलीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "नको, आई."

बस. एवढंच. जयवंताने बाटलीचं टोपण लावलं. तिला वाटलं, चढावरचा तो सगळा गाळ आता पोटात उतरून बसला. हीही तसलीच. तोंडाने आई, आणि हातचं पाणी नको.

"माठ एकच आहे, मॅडम," श्याम सांगत होता. "पाहून घ्या. सगळे एकाच माठातलं पितात. भेदभावाचं नाव नाई. एक दुसरा होता तो या बाईनंच फोडला. विचारा."

मॅडम वळल्या. "माठ तुम्ही फोडला?"

खोटं बोलायला वेळ होता. पुऱ्यातल्या बाया डोळ्यांनी सांगतही होत्या, नाई म्हन, नाई म्हन.

"म्या फोडला."

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"हलवू नका म्हनलं होतं."

"मग?"

"पोट्टी प्याली माया हातचं. तिले तीनदा चूळ भराले लावली. मले नाई सहन झालं. चूक झाली."

मॅडम हवालदाराला म्हणाल्या, "हेपण लिहा. त्यांच्या शब्दांत." आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. मग मांडवात गेल्या आणि उकिडव्या बसल्या. जिथे निळ्या रेघेचा माठ होता तिथे श्यामने झाडून घेतलं होतं. मॅडम बोटाने वरची धूळ सारू लागल्या. खाली वाळू होती. गोल, मधोमध दबलेली, अजून ओलसर, आणि कडेने हिरवे कोंब फुटलेले. आठ-दहा दिवस माठ पाझरला होता, वाळू काय ते विसरते?

"टेप घ्या," मॅडम म्हणाल्या.

एका बैठकीपासून दुसरी मोजली. सतरा फूट. पंचांनी वाकून पाहिलं.

"एका मांडवात दोन माठ," मॅडम श्यामला म्हणाल्या. "पाणी जास्त लागत होतं म्हणून?"

"हो हो. उन्हाळा ना मॅडम."

"मग शेजारी शेजारी का नाही ठेवले? आणि एकावर निळी रेघ होती, ती कशासाठी?"

"रेघ? रेघ कुठं होती?"

मग त्या एकेकाला मांडवाबाहेर, बाभळीखाली बोलावू लागल्या. एकेकटं. सत्तर माणसं. पुऱ्यातल्यांनी सांगितलं. कुणब्यांच्या बायांपैकी कोणी म्हणाली माहीत नाही, कोणी म्हणाली ध्यान नव्हतं. मनकर्णाबाई म्हणाली, "आमी कष्टाची मानसं, माठ मोजत नाई." ऊन डोक्यावर आलं, कललं. मॅडम दर माणसाला नव्याने विचारत होत्या, जणू तेच पहिलं. वाचून दाखवत होत्या. सही घेत होत्या.

सुंदराबाईची पाळी आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. जयवंता जवळच्या दगडावर बसली होती. तिला ऐकू येत होतं.

"तुम्ही कोणत्या माठावर होता?"

सुंदराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. लांबून मनकर्णाबाई पाहत होती.

"भेदभाव होता का, असं मी विचारत नाही," मॅडम म्हणाल्या. "साधं सांगा. जयवंताबाईंच्या हातचं पाणी तुम्ही कधी प्यालात?"

"प्याली ना."

"कधी?"

"पयले दोन दिवस. दुसरा माठ याच्या आधी."

"मग पुढे का नाही?"

बाभळीवर एक कावळा बसला आणि उडाला.

"काकू म्हनल्या, नोको. श्यामभाऊनं माठ आनला, रेघ बी त्याईनंच ओढली, मायासमोर," सुंदराबाई एका दमात म्हणाली. "पन मले काई झालं नव्हतं, मॅडम. दोन दिवस प्याली, काईच झालं नाई. उलट मस्त पाजते ते बुढी. माया हातानं सगळ्याइले ठसका लागते." आणि ती रडायलाच लागली. "मले कोनी इचारलंच नव्हतं. माठापाशी उभी राह्य म्हने, उभी राह्यली."

तिने सही केली. मनकर्णाबाईकडे न पाहता ती खाली तलावात उतरली आणि टोपलं उचललं. जयवंताला उठून तिच्यामागे जावंसं वाटलं. गुडघे उठले नाहीत.

हवालदार कागद जुळवत तिच्याशेजारी टेकला. त्याने ओठ चाटले. "तुमच्या मॅडम म्हणजे," तो हळूच म्हणाला, "बाटली वाटेत कुऱ्ह्यालाच संपली. सकाळपासून घोट नाही."

"काहून? इथं पाणी नाई का?"

"आहे ना, पण त्यांचा नियम आहे. पंचनामा होईपर्यंत तक्रारदाराचंही नाही घ्यायचं अन् समोरच्याचंही नाही. उद्या कोर्टात वकील विचारतो, बाई कोणाच्या घरचं प्यायली होती. तेवढ्यावरून केस लंगडी होते."

जयवंताने बाभळीकडे पाहिलं. मॅडम शेवटचा जबाब वाचून दाखवत होत्या. ओठ पांढरे पडून तडकले होते, दर ओळीला जीभ टाळूला चिकटून सुटत होती. पाच तास. पन्नास हातांवरून तहान ओळखणारी जयवंता समोर पाच तास बसली होती, आणि ही तहान तिला दिसली नव्हती. ती आपल्या रागाकडे पाहत बसली होती.

तिने सकाळची ती बाटली पदराखाली लपवली. आता ती पुढे करणं म्हणजे त्या बाईची पाच तासांची कमाई मातीत घालणं.

सह्या झाल्या. मॅडम निघताना तिच्यापाशी थांबल्या. "आई, पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जाईल. कोर्टात यावं लागेल, एकदा नाही, पुष्कळदा. येणार ना?"

जयवंताला पुष्कळ बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली, "माया गुडघ्याइले तुमी नोका इचारू. मी येतो."

जीप गेली. काठावरून जयवंता पाहत राहिली. गावाबाहेरच्या हापशीपाशी जीप थांबली. हवालदार दांडा मारू लागला आणि मॅडम वाकून ओंजळीने पीत राहिल्या. कोणाच्याच हातचं नाही, जमिनीच्या पोटातलं. फार वेळ प्यायल्या. मग तोंडावर पाणी मारलं, चष्मा ओढणीला पुसला. जयवंताने इतक्या लांबून हात जोडले. तिच्या हयातीत तिला कोणी हात जोडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही शेजारी कोणी नव्हतं म्हणून बरं.

पुढच्या आठवड्यात श्यामला चौकशी होईपर्यंत कामावरून उतरवलं. त्याच्या जागी दुसऱ्या गावचा रोजगारसेवक आला. त्याच्या हातात लेखी हुकूम होता. मांडवात एकच माठ, मधोमध. पाण्यावर जयवंता.

पहिल्या दुपारी पुऱ्यातली पोरंसोरं, बाया हसत ओरडत आधी येऊन उभ्या राहिल्या. जिंकल्यासारख्या. जयवंताने डोया खाली ठेवला. "रांग! जो मांगून आला तो मांगं. हे काय माया घरचं लगन होय का?" मग सुंदराबाई आली. जयवंताने तिला बसवलं, श्वास खाली येऊ दिला आणि बारीक धार धरली. एक थेंब बाहेर नाही.

"ठसका लागला का वं?"

"नाई," सुंदराबाई म्हणाली.

"शीक मंग. माया मांगं कोनीतरी पाह्यजे."

सगळ्या काही आल्या नाहीत. पाच-सात बाया घरून बाटल्या आणायच्या. मनकर्णाबाईही. हुकूम माठ मधोमध ठेवू शकतो, तोंड काही उघडू शकत नाही, हे जयवंताला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाईची बाटली उन्हात पडलेली दिसली तेव्हा ती म्हणाली, "बाई, सावलीत ठेवा ते. तापते." मनकर्णाबाईने ऐकलं नसल्यासारखं केलं, आणि थोड्या वेळाने बाटली मांडवात आणून ठेवली.

त्या संध्याकाळी जयवंता घरी येऊन भिंतीला टेकली. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत भरून आला होता, डोया उचलून उचलून. सत्यभामा वाटीत तेल घेऊन बसली आणि चोळू लागली. "लय दुखते का आत्याबाई? अर्ध्या कामात बरं होतं तुमचं."

जयवंताने हात सोडवून घेतला, मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्यावरून हळूच फिरवला, झोपलेल्या लेकरावरून फिरवावा तसा.

"ठेव ते तेल," ती म्हणाली. "आज साठ मानसाइले पाजलं. दुखू दे आजच्या दिवस."